मुलीला ‘तेलाचं’ शिकू द्यावं का? तासगावच्या वडिलांना उत्तर

तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराचं पत्र आलंय. मुलगी सांगलीत केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आयटी कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, पण तिला गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन पेट्रोलियममध्ये एमटेक करायचंय. जुन्या तेलक्षेत्रांत पाणी आणि कार्बन डायऑक्साइड आळीपाळीने सोडून उरलेलं तेल काढतात, यावर तिने कॉलेजात सेमिनार दिला आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे. वडील म्हणतात, ‘तेल संपत आलंय. पोरीला समुद्रातल्या तेल काढायच्या रिगवर कोण पाठवणार? स्थळंही यायला लागलीत. तुम्ही तिला फोनवर समजावा.’ आणि खाली ता. क.: ‘पंधरा दिवस झाले, ती घरात कुणाशी धड बोलत नाही.’

दादा, मला पत्रापेक्षा ता. क.ची जास्त काळजी वाटली. पोरगी पंधरा दिवस गप्प आहे आणि तुम्ही ते सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत लिहिलंत. सेमिनारबद्दल ‘त्यातलं आम्हाला काय कळतंय’ एवढंच वाक्य आहे. कळत नाही तर विचारायचं! तुम्हाला सल्ला नकोय, तुमची बाजू मांडणारा वकील हवाय. ते काम मी करणार नाही, तिला फोनही करणार नाही. आणि स्थळांचं म्हणाल, तर बायोडेटावर ‘पुण्यात आयटीत’ बरं दिसतं, हे तुम्ही लिहिलं नसलंत तरी मला ऐकू आलं. लग्न कधी करायचं ते तिला विचारून ठरवा, पण तो मुद्दा करिअरच्या पत्रात घुसवू नका.

आता ‘तेल संपत आलंय’ हे. जमिनीखाली तेलाचं तळं असतं आणि ते उपसून रिकामं होतं, अशी बहुतेकांची समजूत असते. तेल असतं खडकाच्या बारीक छिद्रांत, चिकटून. सुरुवातीला ते खालच्या दाबाने आपोआप वर येतं, दाब पडला की पाणी ढकलून काढतात. एवढं करूनही बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं. मग कार्बन डायऑक्साइड सोडतात. पुरेशा दाबाखाली तो तेलात मिसळतो, तेल फुगतं, पातळ होतं, सुटतं. पण नुसता वायू सोडला तर तो हलका आणि पातळ असल्यामुळे थराच्या वरच्या अंगाने सरळ पलीकडच्या विहिरीत निघून जातो. भेगाळलेल्या काळ्या रानात पाणी सोडलं की ते भेगेतून पळतं आणि वाफा कोरडाच राहतो, तसं. म्हणून मध्ये पाण्याचा हप्ता द्यायचा. पाणी वायूची मोकळी वाट अडवतं आणि स्वतः जड असल्याने थराच्या खालच्या भागातलं तेल हाकतं. पुन्हा वायू, पुन्हा पाणी. पाणी जास्त झालं तर तेच तेलाभोवती आड येतं आणि वायू तेलापर्यंत पोचत नाही. शिवाय पाणी आणि हा वायू एकत्र आले की आम्ल तयार होतं, ते लोखंडी पाइप खातं. कधी काय आणि किती सोडायचं, यातच सगळं कसब आहे. आळीपाळीची ही पद्धत कॅनडातल्या अल्बर्टात 1957 साली वापरली गेली, तेव्हा वायू वेगळा होता. टेक्सासच्या एका जुन्या तेलक्षेत्रात 1972 पासून कार्बन डायऑक्साइड सोडतायत. आपल्याकडे कोयलीच्या रिफायनरीतला हा वायू भरूचजवळच्या गंधार तेलक्षेत्रात नेण्यासाठी ओएनजीसी आणि इंडियन ऑइल या सरकारी तेल कंपन्यांनी 2019 मध्ये करार केला.

रिगचं म्हणाल, तर हे गणित मांडणारे इंजिनिअर बहुतेक वेळ कॉम्प्युटरवर खडकाचं मॉडेल चालवतात. ओएनजीसीची या विषयाची संस्था अहमदाबादला आहे. अधूनमधून साइटवर जावं लागेलच. जाऊ दे की!

तिलाही दोन शब्द, हे तिला वाचायला द्या. तेलाचे भाव पडले की या क्षेत्रातली भरती आटते, त्यामुळे लाखो रुपये भरून कुठल्याही खाजगी कॉलेजात एमटेक करू नकोस. गेटचा स्कोअर चांगला असेल तरच. ‘यातून पर्यावरण वाचतं’ असं मुलाखतीत ठोकून देऊ नकोस. वायू बराचसा खाली राहतो हे खरं, पण वर आलेलं तेल शेवटी जळतंच, आणि अमेरिकेत यासाठीचा बराचसा वायू जमिनीखालच्या नैसर्गिक साठ्यांतूनच काढतात.

म्हणून माझं मत तुम्हा दोघांपेक्षा वेगळं आहे. नुसत्या पेट्रोलियमवर अडून बसू नये. कार्बन डायऑक्साइड पकडणं आणि जमिनीखाली कायमचा साठवणं, याला हेच शास्त्र लागतं आणि तेलाचे भाव पडले तरी ते काम राहतं. आयआयटी मुंबईत वायू पकडून वापरण्यावर राष्ट्रीय केंद्र आहे. केमिकलच्या एमटेकमधूनही तिकडे जाता येतं. लांब कशाला, आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबताना हाच वायू जवळजवळ शुद्ध स्वरूपात निघतो. तिने एकदा एखादी डिस्टिलरी आतून बघून यावी.

आयटीची ऑफर सोडायला मी सांगत नाही. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, नोकरी करत परीक्षा देता येते. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात. केमिकलचा पेपर द्यायचा की पेट्रोलियमचा, ते तिचं तिने ठरवावं. तोवर एका संध्याकाळी बागेतून आल्यावर तिला तो सेमिनार तुमच्यासमोर मराठीत द्यायला सांगा, आणि मध्ये बोलू नका.