मरण आणि परलोक नसते, तर धर्माची काही गरज उरली असती का?

उरली असती. भांडणंही एवढीच झाली असती.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की धर्म म्हणजे मरणाच्या भीतीवर काढलेला विमा, भीती गेली की हप्ते भरायला कोण येतंय. हे वाक्य मी वर्षानुवर्षं माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकत आले आहे, जवळजवळ याच शब्दांत. म्हणून लिहायला बसले. एरवी असले प्रश्न मी न वाचताच पुढे जाते.

आधी मारुतीचं बघा. सात चिरंजीवांतला एक. त्याला मरण नाही, स्वर्गात जागा अडवायची नाही, यमदूतांशी देणंघेणं नाही. तरी रामनामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. अश्वत्थामाही चिरंजीवच, आणि त्याला तर न मरणं हीच शिक्षा दिली आहे. तुकोबा ‘न लगे मुक्ति धन संपदा’ म्हणून मोकळे झाले, वर गर्भवासी खुशाल घाल म्हणाले, फक्त संतसंग दे. परलोकाच्या सोयीसाठी देवाकडे जाणारा माणूस असं मागत नसतो. ऋग्वेदातले ऋषी शंभर शरद, गाई आणि मुलगे मागताना दिसतात, आणि ते सगळं इथलंच. ज्यूंमध्ये सदूकी म्हणून पंथ होता. मेलेले पुन्हा उठतात हे त्यांना मान्य नव्हतं, आणि यरुशलेमच्या मंदिरातली बडी पुरोहित घराणी बहुतेक त्याच पंथाची. मंदिर इ.स. 70 मध्ये पडेपर्यंत त्यांचे यज्ञबळी बिनघोर चालू होते.

गोव्यातल्या देवळात प्रसाद घेताना कधी पाहिलंय? देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतात, भट तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लहानपणापासून मी तिथे बसत आले आहे. मोक्ष मिळेल का, असं कोणी विचारलेलं ऐकलं नाही. विचारतात ते पोरीच्या स्थळाचं, विहीर कुठे खणावी ते, गल्फमधल्या नोकरीचं, आणि सगळ्यांत जास्त भावाशी चाललेल्या कज्जाचं.

इतिहास पाहिला तरी तेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, दामोदर मडगावहून जांबावलीला. अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या मुलखात, तेव्हा आदिलशाही होती. परलोकाचाच प्रश्न असता तर पाद्री देत होते तो स्वर्ग काय वाईट होता? शिवाय शेत राखता येत होतं. तरी कित्येकांनी शेतं सोडली, देव उचलला आणि नदी ओलांडली. जे मागे राहून ख्रिस्ती झाले त्यांनी स्वर्ग बदलला, पण कूळ सोडलं नाही. शिगम्यात कुंकळ्ळी आणि फातर्प्याच्या दरम्यान देवीची छत्र्यांची मिरवणूक निघते, बारा वांगडांच्या, म्हणजे मूळ घराण्यांच्या, बारा छत्र्या. त्यात हिंदूंबरोबर ख्रिस्ती गावकरही असतात. मेल्यावर दोघांचे रस्ते वेगळे, पण छत्री कुठल्या घराची याबद्दल दुमत नाही.

आता दादाकडे येते.

दादा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. चवथीला मात्र न चुकता येतो. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतो, नेवऱ्या म्हणजे करंज्या हाणतो, आणि दुपारी झोपाळ्यावर बसून भाषण देतो. बाबांच्या म्हाळाला एकदा म्हणाला, “मेलेल्या माणसाला खीर पोचत असेल तर मला पुण्याला पाठवत जा, मी तर जिवंत आहे.” सगळे हसले. आई पानं मांडता मांडता एवढंच म्हणाली, “मेल्या उपरांत कितें जातलें तें देवाक खबर, आयज नैवेद कोण दाखयतलो तें सांग.” दाखवला मीच. मी लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, आईबाबांचं केलं. देवळात आमच्या घराची पाळी येते तेव्हा समया घासण्यापासून नैवेद्याच्या पंचखाद्यापर्यंत सगळं माझ्याकडे.

तर एक दिवस या दादाचा फोन. देवळाच्या समितीची निवडणूक जवळ आली होती. “माझ्या मुलाचं नाव महाजनांच्या यादीत घालून घे.” महाजन म्हणजे देवळाचे पिढीजात हक्कदार. मी म्हटलं, तू तर हे काही मानत नाहीस. त्यावर, “ते वेगळं गं. हा हक्काचा प्रश्न आहे. आपलं मूळ आहे ते.” भाचा गुणी आहे, पण आमच्या देवाची जत्रा कुठल्या महिन्यात येते हे त्याला मोबाईलवर बघावं लागतं.

मी गेले. बाबांच्या नावाची नोंद शोधली, जन्मदाखला जोडला, अर्ज भरला. कारकून चांगला माणूस, माझाच जुना विद्यार्थी. त्याने अर्ज वरून खाली वाचला आणि म्हणाला, “बाये, तुजी सय चलची ना. भावाची जाय.” म्हणजे माझी सही चालणार नाही, भावाची हवी. कारण यादीत माझं नाव नाही आणि येणारही नाही. आमच्या देवळाची यादी पुरुषांची. देवाचं तांब्याचं घंगाळ मी घासलेलं चालतं. म्हणून तो अर्ज कुरिअरने पुण्याला गेला आणि देव न मानणाऱ्या माणसाची सही होऊन परत आला.

इतक्यावर संपलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या एका घराण्याने भाच्याच्या नावाला हरकत घेतली, आणि दादा पेटला. गोव्यातली देवळं अजून पोर्तुगीज काळातल्या मझानिया, म्हणजे महाजनांच्या संस्थांच्या, कायद्याखाली चालतात आणि मामलेदार हा त्यांचा प्रशासक. दादाने तो कायदा मिळवला, रात्री जागून वाचला, कलमं पाठ केली. जत्रेला कधी रजा न मिळालेला माणूस मामलेदाराच्या सुनावणीला रात्रीच्या बसने हजर. मी त्याच्या मागच्या बाकावर बसले होते. मेल्यानंतर काही उरतं हे त्याला पटत नाही, पण पणजोबांची पालखी कोणाच्या पुढे होती, हे त्याने मामलेदाराला तारीखवार सांगितलं. आवाज भरून आला होता. खरंच भरून आला होता, नाटक नव्हतं.

आता सांगा, यात मरणाची भीती कुठे आहे? धर्म म्हणजे आपण कोणाचे, आपली पाळी कधी, तीर्थ हातावर कितव्यांदा पडणार आणि पंगतीत कोणाच्या शेजारी बसणार. हे सगळं न मरणाऱ्या माणसालाही लागेल, उलट जास्तच, कारण त्याला त्याच शेजाऱ्यांबरोबर कायमचं राहायचंय. माझी काळजी वेगळीच आहे. मरण नसतं तर समितीची निवडणूक कशी झाली असती? पणजोबा अजून खजिनदार, आजोबा रांगेत, आणि भाच्याचा अर्ज पुढची तीनशे वर्षं विचाराधीन.

म्हणून कोणी तुम्हाला ‘धर्म म्हणजे निव्वळ मरणाची भीती’ असं ऐकवलं, तर वाद घालू नका. त्याच्या घरचा मान, मानकरी, कुळदेव, यादी यांतलं एखादं काढून घ्या आणि बघा. आणि जे हे सगळं मानतात त्यांनाही विचारा, की राबणाऱ्या हातांची नावं त्या यादीत का नाहीत. दादाला मी हे विचारलं होतं. “तो कायद्याचा प्रश्न आहे,” म्हणाला. एवढी कलमं पाठ करणाऱ्याने त्या एका कलमासाठी अर्ज केला असता तर?

काही गोष्टी राहिल्या. मरण नसतं तर म्हाळ, श्राद्ध, पिंड, दहावं-बारावं हे अर्थातच गेलं असतं, आणि आमच्या भटजींची निम्मी मिळकतही. ज्या धर्मांत अखेरचा न्याय हाच पाया आहे त्यांना माझं म्हणणं कितपत लागू पडेल, ते त्यांनीच सांगावं. आमच्या वाड्यावरच्या एका ख्रिस्ती बाईचा तरुण मुलगा स्कूटरच्या अपघातात गेला. दर 2 नोव्हेंबरला ती मेणबत्त्या घेऊन सिमिटरीत जाते, मी तिच्याबरोबर जाते. मुलगा पुन्हा भेटेल एवढ्यावर ती उभी आहे. तिच्यासमोर हे उत्तर मी वाचून दाखवणार नाही.

दादा, तू हे वाचणार हे ठाऊक आहे, तुझ्या मोबाईलमध्ये हे ॲप मीच घालून दिलंय. सुनावणीची पुढची तारीख लागली आहे, वकिलांना जन्मदाखला मूळ हवा, झेरॉक्स नको. आपली नैवेद्याची पाळी त्याच आठवड्यात येते. एक दिवस आधी ये, नारळ सोलायला आणि खोवायला माणूस हवा आहे.