फेनोफायब्रेट १६० ऐवजी १४५ मिलिग्रॅम: ‘नॅनो’ गोळीत नेमके काय बदलते?

आपल्या वडिलांची फेनोफायब्रेटची (रक्तातील चरबी कमी करणाऱ्या औषधाची) गोळी १६० मिलिग्रॅमची होती, ती बदलून डॉक्टरांनी १४५ ची दिली आहे. तेव्हा मात्रा कमी झाली का आणि वेष्टनावरील ‘नॅनो’ या शब्दाचा अर्थ काय, असे आपण विचारले आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. गोळीतील औषध कमी झाले असले, तरी रक्तात पोहोचणारे औषध जवळपास तेवढेच राहते.

फेनोफायब्रेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. एकदा विरघळले की आतड्याच्या आवरणातून ते सहज पार होते, पण न विरघळलेला भाग शौचावाटे निघून जातो. जुनी गोळी जेवणासोबतच घ्यायला सांगत, कारण जेवणानंतर आतड्यात उतरणारे पित्त औषध विरघळायला मदत करते. एखाद्या दिवशी रुग्णाने पोटभर जेवण केले नाही, तर औषधही कमी मिळायचे, आणि वृद्धांच्या बाबतीत ही गोष्ट मला नेहमीच गंभीर वाटत आली आहे.

औषधाचे कण नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतके बारीक केले की ही अडचण बरीच कमी होते; ‘नॅनो’ या शब्दाचा अर्थ हाच. ५ मायक्रोमीटर (म्हणजे ५,००० नॅनोमीटर) व्यासाचे कण १२५ नॅनोमीटरपर्यंत दळले, तर तेवढ्याच वजनाच्या औषधाचा द्रवाला भिडणारा पृष्ठभाग ४० पट होतो आणि विरघळण्याचा वेग त्या प्रमाणात वाढतो. त्यासाठी औषधाची भुकटी पाण्यात कालवून बारीक, कठीण मण्यांसोबत बराच वेळ घुसळतात. मात्र इतके सूक्ष्म कण पुन्हा एकमेकांना चिकटू पाहतात, म्हणून त्यांच्यावर बहुवारिकाचा (पॉलिमरचा) पातळ थर द्यावा लागतो. माझ्या मते खरे कसब दळण्यापेक्षा या कणांना वेगळे ठेवण्यात आहे. अमेरिकेत १४५ मिलिग्रॅमच्या अशा गोळीला २००४ मध्ये मान्यता मिळाली.

नॅनोकण शरीरभर फिरत राहतील, ही भीती या गोळीबाबत बाळगू नये, कारण कण आतड्यातच विरघळतात आणि शोषले जातात ते सुटे रेणू. कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल या औषधाचे, अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाशी बांधलेले सुमारे १३० नॅनोमीटरचे कण शिरेतून थेट रक्तात सोडतात, तो प्रकार वेगळा.

नव्या गोळीला जेवणाच्या वेळेचे बंधन नाही. आहाराचे पथ्य मात्र पूर्वीसारखेच ठेवावे. घरात १६० च्या गोळ्या उरल्या असतील, तर त्या संपवण्यासाठी दोन्ही आलटूनपालटून देऊ नयेत.