रशियन : अक्षरं आली, उच्चार अडला

प्रश्न : कॉलेजात रशियन घेतलंय. लिपी लवकर आली, पण माझं वाचन शिक्षकांना कळत नाही. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा आघात, म्हणजे शब्दातल्या एका स्वरावर द्यायचा जोर. ३३ अक्षरं येणं ही फार मोठी मजल नव्हे. आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’कडे झुकतो : दूध लिहायचं ‘मोलोको’, म्हणायचं ‘मलको’. ‘झामक’ (झ झाडातला) म्हणजे किल्ला, ‘झमोक’ म्हणजे कुलूप. लिहिताना दोन्ही सारखेच! छापील मजकुरात आघात सहसा दाखवत नाहीत, म्हणून नवा शब्द वहीत उतरवतानाच खूण करा. सहा विभक्त्यांचे तक्ते नुसते घोकू नका, क्रियापदासोबत त्याची विभक्तीही लिहा. वाचायला आधी चेखवच्या छोट्या कथा. टॉलस्टॉयची ‘युद्ध आणि शांती’ नंतर. तिची सुरुवातच फ्रेंचमध्ये आहे.