गाणं रिलीज करायच्या आधी

अरे, गाणी छान लिहितोयस, उपवन तलावाकाठी गिटार घेऊन बसतोस तेही चालूच ठेव, लोक नेमके कुठल्या ओळीला थांबतात ते तिथेच कळतं. पण लेबलच्या, म्हणजे म्युझिक कंपनीच्या, कागदावर सही करायची घाई नको प्लीज, आधी आयपीआरएसचा, म्हणजे गाणं वाजलं की त्याचे पैसे (रॉयल्टी) गोळा करून गीतकार-संगीतकारांना देणाऱ्या संस्थेचा, मेंबर हो, गीतकार आणि संगीतकार दोन्ही म्हणून, कारण २०१२ला कॉपीराइट कायदा बदलला तेव्हापासून या दोघांचा रॉयल्टीचा हक्क लेबलला लिहून घेता येत नाही, आणि नव्या पोरांना हे कुणी सांगतच नाही, खरंच वाईट वाटतं. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख नंबर, लागतो, गाणं अ‍ॅप्सवर पोचवणारा डिस्ट्रिब्युटर देतो तो, जपून ठेव. अ‍ॅग्रीमेंट आलं की मला पाठव, आपण बसून वाचू.