इंग्रजीतले लांबलचक शब्द पाठ करण्याऐवजी सोडवायचे कसे?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता, असे आणखी कोणते विचित्र शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ पाठ कसे करायचे. माझं पहिलं सांगणं हेच की पाठ करू नका. आपण समासाचा विग्रह करतो तसा या शब्दांचा विग्रह करा. तीस-चाळीस ग्रीक-लॅटिन तुकडे ओळखीचे झाले की शेकडो शब्द आपोआप उलगडतात.

मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत आढळणारा सर्वांत लांब शब्द म्हणून ज्याचं नाव घेतात तो ४५ अक्षरांचा आहे: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस. अक्षरं इंग्रजी स्पेलिंगमधली (pneumonoultramicroscopicsilicovolcanoconiosis) मोजूनच घ्या. न्यूमोनोची ८, अल्ट्राची ५, मायक्रोस्कोपिकची ११, सिलिकोची ६, व्होल्केनोची ७, कोनिची ४ आणि ओसिसची ४. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस आणि कोनि म्हणजे धूळ (याचा कोनशी, म्हणजे शंकूशी, संबंध जोडू नका). शेवटचा ओसिस म्हणजे रोग किंवा विकृत अवस्था. एकूण अर्थ असा: सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे आत जाऊन होणारा फुप्फुसाचा रोग. पण हा शब्द वैद्यकातून आलेला नाही. अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली तो मुद्दाम लांब व्हावा म्हणून रचला. डॉक्टर सिलिकोसिस एवढंच म्हणतात.

म्हणून सराव करायचा तर खऱ्या वापरातल्या शब्दावर करा. वैद्यकीय अहवालात दिसणारा २६ अक्षरांचा इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी घ्या. आधी शेपूट पकडायचं, कारण शब्द कोणत्या जातीचा आहे हे शेपूट सांगतं. स्कोपी म्हणजे आत नळी घालून पाहणं. म्हणजे ही तपासणी आहे, रोग नव्हे. मग पुढून क्रमाने अवयव वाचायचे: इसोफॅगो अन्ननलिका, गॅस्ट्रो जठर, ड्युओडेनो लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. नळी तोंडातून ज्या क्रमाने आत उतरते, त्याच क्रमाने शब्दातले तुकडे आहेत! शेपूट बदललं की गोष्टच बदलते. गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराचा दाह, गॅस्ट्रेक्टॉमी म्हणजे जठर किंवा त्याचा भाग शस्त्रक्रियेने काढणं, गॅस्ट्रोस्कोपी म्हणजे जठराची आतून तपासणी.

तुकडे जोडणारा सांधा बहुतेक वेळा ‘ओ’ असतो, त्यामुळे ‘ओ’ दिसला की तिथे तोडून पाहा. पुढचा तुकडा स्वराने सुरू होत असेल तर हा ‘ओ’ बऱ्याचदा गळतो. गॅस्ट्रायटिसमध्ये तसंच झालंय.

चुका होतात त्या चुकीच्या जागी तोडल्याने. हेलिकॉप्टर हा हेली अधिक कॉप्टर नाही. तो हेलिको अधिक प्टर, म्हणजे मळसूत्र आणि पंख. हाच प्टर टेरोडॅक्टिल या प्राचीन उडत्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या नावात सुरुवातीला येतो, म्हणून तिथे पी उच्चारत नाहीत. न्यूमोनिया आणि सायकॉलॉजीतही तो असाच मुका आहे. दुसरा सापळा सारख्या दिसणाऱ्या मुळांचा. पेडेस्ट्रियनमधला पेड लॅटिन, म्हणजे पाय. पेडियाट्रिक्समधला ग्रीक, म्हणजे मूल. तिसरा इनचा. इनफ्लेमेबल म्हणजे ज्वालाग्राही, ‘न पेटणारं’ नव्हे; हा घोटाळा धोकादायक ठरतो, म्हणूनच धोक्याच्या पाट्यांवर फ्लेमेबल लिहायची पद्धत पडली.

सगळे शब्द असे माळेसारखे ओवलेले नसतात. २८ अक्षरांचा अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम कांद्यासारखा आहे, तो गाभ्यापासून बाहेर वाचावा लागतो. एस्टॅब्लिश म्हणजे इथे चर्चला राज्याचं अधिकृत स्थान देणं. डिस लागला की ते काढून घेणं. एरियन म्हणजे ते काढून घ्यावं असं म्हणणारा, अँटी म्हणजे त्याला विरोध आणि इझम म्हणजे ती विचारसरणी. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमधला हा खराखुरा वाद होता. आयर्लंडच्या चर्चचं असं स्थान १८६९ च्या कायद्याने काढलं गेलं आणि ते १८७१ पासून अमलात आलं. अनेक जण या शब्दाचा अर्थ ‘प्रस्थापितांना विरोध’ असा सांगतात. तो साफ उलटा आहे. हे लोक जुनी व्यवस्था टिकवू पाहणारे होते.

फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन मला या सगळ्यांत सर्वाधिक आवडतो. अक्षरं २९. लॅटिन व्याकरणाच्या जुन्या पाठात ‘क्षुल्लक किमतीचा’ या अर्थाचे चार शब्द एकत्र यायचे: फ्लोकी म्हणजे लोकरीचा पुंजका, नौकी म्हणजे क्षुद्र वस्तू, निहिली म्हणजे काहीच नाही, पिली म्हणजे केस. ते चारही एकापुढे एक चिकटवून हा शब्द झाला. विल्यम शेनस्टोन या इंग्रज कवीच्या १७४१ च्या पत्रात तो सापडतो. अर्थासाठी मराठीत तयार शब्दप्रयोग आहे, कस्पटासमान लेखणं. पुंजका, केस आणि कस्पट, दोन्ही भाषांनी उपमा एकाच कचऱ्यातून उचलली आहे.

लांब शब्दांच्या भीतीसाठी ३६ अक्षरांचा हिप्पोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडालिओफोबिया हा शब्द सगळीकडे फिरतो. त्यातला कामाचा भाग सेस्क्विपेडालियन एवढाच: सेस्क्वि दीड, पेड पाय, म्हणजे दीड फूट लांब. रोमन कवी होरेसने भारदस्त शब्दांना हेच विशेषण लावलं होतं. त्याच्या आधीचे हिप्पो आणि मॉन्स्ट्रो नुसती लांबी वाढवायला जोडलेत, म्हणून गंभीर लेखनात हा शब्द वापरू नका. हिप्पोपोटॅमस मात्र लक्षात ठेवा: हिप्पोस घोडा, पोटॅमोस नदी, आणि आपला पाणघोडा.

उच्चारात जीभ अडखळते ती आघात, म्हणजे शब्दाच्या एका भागावर द्यायचा जोर, चुकल्यामुळे. लॉजी, ग्रफी, स्कोपी असा शेवट असेल तर आघात सांध्यातल्या ‘ओ’वर येतो: फटॉग्रफी. त्याच शब्दाला इक लागला की आघात इकच्या लगेच आधी सरकतो: फोटोग्रॅफिक. आघाताची जागा आधी पेन्सिलीने खूण करून ठेवा, मग शेवटाकडून एकेक तुकडा जोडत मोठ्याने म्हणा: स्कोपी, ड्युओडेनोस्कोपी, गॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी.

छोटे पण चमत्कारिक शब्दही वहीत टिपा. बॉर्बोरिग्मस म्हणजे पोटातली गुरगुर. डिफेनेस्ट्रेशन म्हणजे एखाद्याला खिडकीबाहेर फेकणं. १६१८ मध्ये प्रागला हे खरोखर घडलं आणि तीस वर्षांचं युद्ध पेटलं. अनकॉपीराइटेबलमध्ये १५ अक्षरं आहेत आणि एकही पुन्हा येत नाही. पेट्रिकोर हा शब्द इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दगडासाठीचा ग्रीक शब्द आणि ग्रीक पुराणकथांतल्या देवांच्या नसांतून वाहणारं इकोर जोडून घडवला. कोरड्या जमिनीवर पाऊस पडला की येणाऱ्या ज्या वासाला आपण मृद्गंध म्हणतो, त्याचंच हे नाव.