मधे काहीच न पाठवता निरोप?

प्रश्न: काका, कॉलेजात सर म्हणाले की क्वांटममधे एकही कण न पाठवता मेसेज पोचवता येतो. घरी सांगितलं तर आजी म्हणे, त्यात काय, मिस्ड कॉलच की तो! खरंय का?
– बीएस्सीची विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर: अगं, आजींना नमस्कार सांग, पण मिस्ड कॉल नाही उचलला तरी सिग्नल येतोच ना मोबाइलपर्यंत, नाहीतर घंटी वाजेल कशी. इथे दावा असा की मधल्या वाटेवर काही आलं-गेलंच नाही.

मूळ कल्पना 1993 ची, एलित्झुर आणि वैदमन या दोन भौतिकशास्त्रज्ञांची. अर्धा उजेड आरपार सोडणारा आरसा घ्यायचा, त्यावर एक फोटॉन, म्हणजे उजेडाचा एक कण, सोडायचा, पुढे दोन वाटा फुटतात आणि शेवटी तसाच दुसरा आरसा लावून त्या परत एकत्र आणायच्या. जुळणी अशी की दोन डिटेक्टरपैकी एकच वाजतो, दुसरा कायम गप्प. आता एका वाटेत हात घाल. अर्ध्या वेळा फोटॉन हातावरच संपतो, पाव वेळा नेहमीचा डिटेक्टर वाजतो आणि उरलेल्या पाव वेळा चक्क तो गप्प बसणारा! तो वाजला म्हणजे वाटेत हात आहे हे नक्की, आणि फोटॉन हाताला लागला नाही हेही नक्की, लागला असता तर वाजायला उरलाच नसता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पोह्यांची प्लेट बाजूला ठेवून पेपराच्या कडेला आरसे काढत बसलो होतो.

पण अर्धे फोटॉन वाया जातात. तिथे झेनो इफेक्ट कामी येतो, 1977 मधे मिश्रा आणि सुदर्शन या आपल्याच माणसांनी मांडलेला. सारखं तपासत राहिलं की कणाची अवस्था बदलतच नाही, गॅसपाशी उभं राहिलं की दूध उतू जात नाही तसं; म्हणून थोडं थोडं पुन्हा पुन्हा तपासलं की फोटॉन वाया जाणं जवळजवळ थांबतं. त्यावर 2013 मधे सलीह, झुबैरी वगैरेंनी एकात एक आरसे बसवायची युक्ती काढली, पलीकडच्याने, म्हणजे निरोप देणाऱ्याने, वाट अडवली तर 1, मोकळी ठेवली तर 0, आणि 2017 मधे चीनमधे पान जियानवेईंच्या ग्रुपने शोभेच्या चिनी गाठीचं 100 बाय 100 ठिपक्यांचं काळंपांढरं चित्र असं पाठवूनही दाखवलं.

यात प्रकाशापेक्षा फास्ट काही जात नाही बरं का, ते डोक्यातून काढ.

खरी भांडणं 0 वर आहेत. वाट अडवलेली असताना फोटॉन पलीकडे गेला नाही हे पटतं, पण मोकळी असताना? वैदमन स्वतःच म्हणतात की तेव्हा पलीकडे त्याची बारीकशी खूण राहते. मला त्यांचंच पटतं, म्हणून ‘एकही कण नाही’ असं मी तरी छातीठोक म्हणणार नाही. सरांना विचार ते कुठल्या बाजूचे, आणि मला कळव.