वाचकांचे प्रश्न : बाराखडी आधी की बोली?

प्रश्न : शहादा तालुक्यातील आमच्या बचत गटाने मजूर वस्तीतील चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी मारुतीच्या पारावर संध्याकाळचा वर्ग सुरू केला आहे. मुले घरी अहिराणी किंवा पावरी बोलतात. पालकांना मात्र बाराखडी लवकर लिहिता यावी असे वाटते. पुस्तकांसाठी पैसे नाहीत आणि दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात. सुरुवात कशी करावी?

उत्तर : पालकांची घाई समजण्यासारखी आहे, ज्यांच्या हाती कधी पाटी आली नाही, त्यांना पाटीवरचा 'अ' हीच शिक्षणाची खूण वाटते. तरीही बाराखडीने सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'तुन्हं नाव काय शे?' असे विचारल्यावर घरादाराची हकिकत सांगणारे मूल 'तुझे नाव काय आहे?' या प्रश्नापुढे गप्प होते आणि मग शाळेत ते मंद ठरते.

म्हणून मुलाने सांगितलेले वाक्य वर्ग घेणाऱ्या ताईंनी त्याच्याच बोलीत, देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे, शब्दांखाली बोट फिरवत वाचून दाखवावे आणि त्या वाक्याचे चित्र मुलाला काढू द्यावे. जुन्या दिनदर्शिकांच्या कोऱ्या बाजूंवर अशी दहा-बारा पाने जमली, की दोऱ्याने शिवून पुस्तक तयार होते. आपल्या पोराचे बोलणे कागदावरून वाचले जाताना आईबापांनी ऐकले, की बाराखडीचा आग्रहही बहुधा सैल होतो. बोललेलेच लिहिले जाते हे मुलांना उमगले, की मोठ्या मुलांना वळणाने जवळची ग, म, भ, न ही अक्षरे द्यावीत. काना जोडताच नाग, मामा, भाग असे शब्द वाचता येतात. पूर्ण बाराखडी त्यानंतर.

पावरी मुलांसाठी पावरी बोलणारी बाई वर्गात हवीच, मग ती निरक्षर का असेना. गोष्ट तिने सांगावी, लिहिणारी दुसरी असावी. 'चांगले मराठी' येणारीलाच ताई करण्याचा मोह आपल्याकडे फार असतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील नर्मदाकाठच्या गावांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून जीवनशाळा, म्हणजे नर्मदा बचाव आंदोलनातून निघालेल्या शाळा, उभ्या केल्या, त्यांत बोलीला वर्गात जागा मिळाली. शक्य असल्यास गटातील दोघी-तिघींनी तेथे जाऊन यावे.

अंगणवाडीशी स्पर्धा मात्र नको. तेथला आहार आणि लसीकरण आपला गट देऊ शकणार नाही. सकाळी अंगणवाडी आणि संध्याकाळी पार, असेच असावे.

स्थलांतराचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो एकट्या गटाने सुटणारा नाही. शिक्षण हक्क कायदा वयाच्या सहाव्या वर्षापासून लागू होतो, त्यामुळे शाळेत नाव असलेल्या मुलांसाठी मुख्याध्यापकांकडे शिक्षण हमी कार्डाची (ते दाखवून मुलाला ऊसतोडीच्या गावच्या शाळेत बसता येते) आणि हंगामी वसतिगृहाची (आईबाप बाहेर असताना मुलांना गावातच राहण्याची सोय) मागणी करता येते. ऊसतोड मजुरांची टोळी निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. जाणाऱ्या कुटुंबांची यादी दसऱ्यापूर्वीच शाळेला लेखी द्यावी व पोच घ्यावी. सहा वर्षांखालील मुलांना शिवलेले पुस्तक सोबत द्यावे आणि टोळीत वाचता येणारे कोणी असल्यास ते रात्री वाचून दाखवण्याचे काम निघण्याआधीच त्यांच्याकडे सोपवावे.